दुसऱ्या हाताची किंमत: गेममधली दुहाती शस्त्रं ‘बॅलन्स’ करतात म्हणजे नेमकं काय करतात?

एखाद्या फँटसी गेमचा नवा पॅच येतो, म्हणजे खेळात बदल करणारं अपडेट. त्यासोबतच्या यादीत एक ओळ असते: ‘दुहाती तलवारी: डॅमेज ९० वरून ८४.’ संध्याकाळपर्यंत बडोद्यात फतेगंजच्या होस्टेलपासून दांडिया बाजारातल्या घरांपर्यंत सगळी खेळणारी पोरं चिडलेली असतात. आईवडिलांना कळत नाही की सहा आकड्यांसाठी एवढा गहजब कशाला. गेम बनवणारे सांगतात की फरक फक्त सात टक्क्यांचा आहे. खेळणारे म्हणतात की शस्त्राची पार वाट लागली.

दोघंही खरं बोलत असतात. ते कसं, हे समजलं की बॅलन्सिंग, म्हणजे शस्त्रांमधला समतोल साधणं, हा निम्मा विषय समजला. सयाजीराव विद्यापीठात कॉम्प्युटर किंवा फाइन आर्ट्स शिकता शिकता स्वतःचा छोटा गेम बनवायला घेतलेल्या मुलांनी तर हे आधीच समजून घ्यावं, कारण पहिली ठेच बहुतेक इथेच लागते.

आधी दोन शस्त्रं समोर ठेवू

उदाहरणासाठी एक एकहाती तलवार घेऊ आणि एक खांडा. खांडा आपल्याकडचाच. त्याच्या मुठीच्या टोकाला पुढे आलेला दांडा असतो, तो दुसऱ्या हाताने धरून दोन हातांचा वार करता येतो. आपल्या काल्पनिक गेममध्ये मात्र तो कायम दोन्ही हातांनीच धरायचा.

तलवारीचा एक वार ३० डॅमेज करतो, म्हणजे शत्रूच्या हेल्थमधून ३० वजा होतात. एका वाराला ०.६ सेकंद लागतात. खांड्याचा वार ९० चा, पण त्याला १.५ सेकंद लागतात. भागाकार केला तर तलवारीचं दर सेकंदाला ५० डॅमेज पडतं आणि खांड्याचं ६०. याला गेमवाले डीपीएस म्हणतात. आपण ‘दर सेकंदाचा हिशोब’ म्हणू.

खांडा वीस टक्क्यांनी सरस दिसतो, आणि तसा तो असायलाही हवा. खांडा धरणाऱ्याने दुसरा हात देऊन टाकलाय. त्या हातात ढाल असती, दुसरी तलवार असती, मशाल असती, मंत्राची काठी असती. दुहाती शस्त्राचा बॅलन्स म्हणजे त्या दुसऱ्या हाताची किंमत ठरवणं. ती ठरवताना फक्त डॅमेजचा आकडा हलवत बसलं की सगळं चुकत जातं, असं माझं ठाम मत आहे.

दर सेकंदाचा हिशोब पुरत का नाही?

स्टेशनवरून मांडवीला जायचंय. रिक्षात तिघं बसतात आणि ती लगेच निघते. बसमध्ये पन्नास माणसं मावतात, पण ती ठरल्या वेळीच सुटते. तासाला किती माणसं पोचली, हा हिशोब केला तर बस जिंकेल. पण माणसं तीनच असतील तर बसच्या उरलेल्या जागा रिकाम्याच जाणार.

खांड्याचं तसंच आहे. प्रत्येक वाराचे तीन भाग असतात: तयारी म्हणजे शस्त्र उगारणं, मग प्रत्यक्ष वार, आणि त्यानंतर सावरणं. तलवारीची तयारी ०.२ सेकंद, वार ०.१, सावरणं ०.३. खांड्याची तयारी ०.५, वार ०.२, सावरणं ०.८. म्हणजे तलवारीचे घाव ०.२, ०.८, १.४, २.० अशा क्षणांना बसतात आणि खांड्याचे ०.५, २.०, ३.५ ला.

आता समोर ९० हेल्थचा राक्षस आणा. खांड्याच्या पहिल्याच घावात, अर्ध्या सेकंदात तो आडवा होतो. तलवारीला तीन घाव लागतात, १.४ सेकंद. त्याच राक्षसाची हेल्थ ९१ करा. तलवारीला चौथा घाव लागतो, २.० सेकंद. खांड्याला दुसरा घाव लागतो, तोही २.० सेकंदांनाच. एका हेल्थने खांड्याचा वेळ चौपट झाला आणि दोन्ही शस्त्रं एका पातळीवर आली. दुसऱ्या घावातले ८९ डॅमेज वाया गेले, वेलदोडा मुसळाने कुटावा तसे.

हेल्थ आणि डॅमेज यांची अशी जी सीमा असते, जिच्या पलीकडे एक जादा वार लागतो, तिला मी उंबरठा म्हणेन. हलक्या शस्त्राचे उंबरठे जवळजवळ असतात, म्हणून आकडे थोडे हलले तरी फार बिघडत नाही. जड शस्त्राचे लांब लांब असतात, म्हणून एक ओलांडला की एकदम खड्ड्यात पाय.

आता पॅचमधली ती ओळ परत वाचा. ९० चे ८४ झाले. दर सेकंदाचा हिशोब ६० वरून ५६ वर आला, अजूनही तलवारीपेक्षा जास्तच. बनवणाऱ्याचे सात टक्के अगदी बरोबर. पण ८५ ते ९० हेल्थचे जेवढे म्हणून राक्षस त्या गेममध्ये आहेत, ते सगळे काल एका घावात पडत होते आणि आज त्यांना दोन लागतात. खेळणाऱ्याच्या हाताला जाणवतं ते हे.

मग काय करायला हवं होतं?

डॅमेज ९० च ठेवून सावरण्याचा वेळ ०.८ वरून ०.९ करायचा. पूर्ण वाराला १.६ सेकंद लागतील आणि दर सेकंदाचा हिशोब येईल ५६.२५. म्हणजे जवळजवळ तेवढीच कपात, पण एकही उंबरठा तुटला नाही. पहिला घाव अजूनही अर्ध्या सेकंदातच बसतो, ९० चा राक्षस अजूनही एका घावात पडतो. फरक पडतो तो घाव चुकल्यावर, किंवा समोर दुसरा शत्रू उभा असताना.

आणि दुसऱ्या हाताची किंमत खरी तिथेच वसूल व्हायला हवी. ढाल नाही, त्यामुळे चुकलास तर थोडा वेळ उघडा पडशील, हा सौदा खेळणाऱ्याला पटतो. तुझा घाव विनाकारण बोथट केलाय, हे पटत नाही.

‘एल्डन रिंग’ हा गेम २०२२ मध्ये आला तेव्हा त्यातली सर्वांत अवजड शस्त्रं संथपणामुळे मागे पडत होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या १.०४ पॅचमध्ये काही वारांचं डॅमेज वाढवलं, पण त्यासोबत अवजड शस्त्रांचा वेगही वाढवला. वेळ बदलल्याशिवाय नुसत्या डॅमेजने ते काम झालं नसतं.

चिलखत आणि मंत्र: इथे गणित गुपचूप फिरतं

चिलखत दोन प्रकारे लिहिता येतं. एक, प्रत्येक घावातून ठराविक आकडा वजा करायचा. दोन, ठराविक टक्के कमी करायचे. वाचायला दोन्ही सारखेच वाटतात.

प्रत्येक घावातून १० वजा करा. तलवारीचे ३० चे २० झाले, दर सेकंदाला ३३. खांड्याचे ९० चे ८०, दर सेकंदाला ५३. खांडा वीस टक्क्यांनी पुढे होता, तो आता साठ टक्क्यांनी पुढे गेला. त्याऐवजी २५ टक्के कमी करा, तर ३७.५ आणि ४५ येतात आणि अंतर वीस टक्केच राहतं. त्यामुळे वजाबाकीचं चिलखत वापरायचंच असेल तर ते काही ठराविक शत्रूंनाच द्या, जिथे जड शस्त्र काढावंसं वाटलं पाहिजे. सगळ्यांना दिलंत तर खंजीर घेऊन खेळणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही: १२ च्या घावातून १० गेले की राहिले दोन.

आता उलटं बघा. गावच्या मांत्रिकाने शस्त्रावर अग्नीचा मंत्र टाकला, प्रत्येक घावाला १० जादा. तलवार ४० भागिले ०.६, म्हणजे ६६.७. खांडा १०० भागिले १.५, तेही ६६.७. दुसरा हात देऊन जे कमावलं होतं ते एका मंत्रात साफ. मंत्र २० चा असेल तर तलवार ८३ आणि खांडा ७३.

यावर उपाय म्हणजे जादा डॅमेज घावामागे न देता वेळेच्या प्रमाणात द्यायचं. खांड्याचा वार तलवारीच्या अडीचपट वेळ घेतो, तर मंत्राचे १० त्याला २५ म्हणून मोजायचे. मग खांडा ७६.७ वर जातो आणि पुढेच राहतो.

याचीच दुसरी बाजू ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन गेममध्ये दिसली. तिथे ताकदीतून मिळणारं जादा डॅमेज शस्त्राच्या वेळेने गुणलं जायचं, पण काही खास वार तयारी न लागता ताबडतोब पडायचे. त्यामुळे सर्वांत संथ शस्त्र घ्यायचं आणि ताबडतोबचे वार मारत सुटायचं, हीच सगळ्यांची युक्ती झाली. शेवटी त्या वारांसाठी शस्त्राचा खरा वेळ सोडून ठरीव आकडे धरले गेले: दुहातीला ३.३ सेकंद, एकहातीला २.४, खंजिराला १.७. वेळ न मोजता डॅमेज वाटलं की कोणीतरी फुकटात जेवून जातंच.

फाशांच्या खेळातही हेच

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फाशांवर चालणारा खेळ बऱ्याच व्हिडिओ गेमचा पूर्वज आहे. त्याच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत एका हाताने धरलेली लाँगसोर्ड आठ बाजूंचा एक फासा टाकते, सरासरी ४.५. दुहाती ग्रेटसोर्ड सहा बाजूंचे दोन फासे टाकते, सरासरी ७. ताकदीचे ३ मिळवा: ७.५ आणि १०. दुहाती ३३ टक्क्यांनी पुढे. पात्र मोठं झालं, ताकदीचे ५ आणि जादूच्या शस्त्राचे ३ मिळाले: १२.५ आणि १५. आता आघाडी वीसच टक्के. अग्नीच्या मंत्राचीच ही गोष्ट, फक्त पात्राच्या प्रगतीबरोबर सावकाश घडते.

ही घट भरून काढणारा एक पर्याय त्याच नियमांत होता: नेम ५ ने कमी करा, लागला तर १० जादा. वार लागतो की नाही हे वीस बाजूंच्या फाशावर ठरतं, तिथे ५ म्हणजे २५ टक्के. घाव १० चा आहे असं धरा. लागण्याची शक्यता ६५ टक्के असेल तर साध्या वाराचे सरासरी ६.५ आणि जोखमीच्या वाराचे ८. शक्यता ४५ असेल तर ४.५ विरुद्ध ४. बरोबर ५० टक्क्यांवर दोन्ही सारखे. खेळणाऱ्याला दर वेळी समोरचा बघून ठरवावं लागतं, आणि अशी निवड हातात देणं हे मला नुसता आकडा वाढवण्यापेक्षा कितीतरी चांगलं वाटतं. घावाचा आकडा वाढत गेला की हा ५० चा उंबरठा वर सरकतो, त्यामुळे निवड शेवटपर्यंत जिवंत राहते. २०२३ च्या ‘बॉल्डर्स गेट ३’ या व्हिडिओ गेममध्ये हा नियम आहे. २०२४ च्या सुधारित नियमपुस्तकात मात्र तो सौदा काढून टाकला.

ढालीची किंमतही याच फाशावर मोजता येते. ढाल बचावात २ देते, म्हणजे शत्रूचे दहा टक्के वार कमी लागतात. शत्रू ६० टक्के वेळा मारत असेल तर तो ५० वर येतो, मार एक षष्ठांशाने कमी. पण चिलखत आधीच भक्कम असेल आणि शत्रू २० टक्केच मारत असेल, तर तो १० वर येतो आणि मार थेट निम्मा होतो. म्हणून गेमच्या सुरुवातीला ढाल सोडणं स्वस्त पडतं आणि शेवटी महाग. दुहाती शस्त्राची भरपाई दोन्ही टप्प्यांवर एकच ठेवली तर एक टप्पा बिघडणारच.

उगारलेला हात कोणी रोखला तर?

गरब्यात गिरकी सुरू केली की मध्येच थांबता येत नाही, पूर्ण करावीच लागते, नाहीतर मागचा अंगावर येतो. खांड्याच्या तयारीचा अर्धा सेकंद तसाच असतो. त्या वेळात खंजिराचा एक टोचाही वार मोडू शकत असेल, तर खांडा कधी चालणारच नाही, मग त्याचं डॅमेज ९० असो की २००.

म्हणून तयारी चालू असताना हलक्या घावांनी वार मोडू नये अशी सोय देतात. घाव लागतो, हेल्थ जाते, पण हात थांबत नाही. ही सोय तयारीच्या पहिल्या क्षणापासून देऊ नका. अर्ध्यातून, म्हणजे ०.२५ सेकंदांपासून द्या, म्हणजे चपळ खेळाडूला आत शिरायला फट राहील.

दुसरी बाजू म्हणजे शत्रूला डगमगवणं. खांड्याचा घाव बसला की समोरचा काही क्षण हतबल होतो. इथे एक चूक नव्या गेममध्ये सर्रास दिसते. डगमगण्याचा काळ १.६ सेकंद ठेवला आणि खांड्याचा वार १.५ सेकंदांचा असला, तर शत्रू सावरायच्या आत पुढचा घाव बसतो. मग तो कधीच उठत नाही. सगळ्यांत मोठा राक्षससुद्धा खांबासारखा उभा राहून मरतो. त्यासाठी एकदा डगमगला की पुढचे पाच सेकंद तो पुन्हा डगमगणार नाही असा नियम घाला, किंवा डगमगण्यासाठी एक वेगळा साठा ठेवा, जो घावागणिक भरतो आणि मोकळा वेळ मिळाला की ओसरतो.

माणसाविरुद्ध माणूस खेळत असेल तर वेळेचं गणित आणखी बारीक होतं. पडदा सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, त्यातलं एक चित्र म्हणजे एक फ्रेम. खांड्याची अर्ध्या सेकंदाची तयारी ३० फ्रेमची. समोरच्याला बघून बटण दाबायला साधारण पाव सेकंद लागतो, १५ फ्रेम. इंटरनेटचा उशीर ८० मिलिसेकंद धरला तर आणखी ५. उरल्या १० फ्रेम, बाजूला व्हायला पुरेशा. तुम्ही तयारी ०.३ सेकंदांवर आणली तर एकूण फ्रेमच १८, आणि लागतात २०. म्हणजे तो वार बघून चुकवणं माणसाला शक्यच नाही. वेग वाढवायचा तर सावरण्यातून काढा, तयारीला हात लावताना शंभरदा विचार करा.

एका फटक्यात तिघं

मोठं पातं आडवं फिरलं की समोरच्या सगळ्यांना लागतं. तीन शत्रू उभे असतील तर खांड्याचा दर सेकंदाचा हिशोब ६० चा १८० होतो, आणि इतका वेळ केलेलं गणित कोलमडतं. पहिल्याला पूर्ण, दुसऱ्याला ६० टक्के, तिसऱ्याला ३० टक्के असं उतरतं डॅमेज ठेवलं तर एका फटक्यात १७१ पडतात, दर सेकंदाला ११४. गर्दीत खांडा सरस, पण एकटाच राजा नाही. अरुंद बोळात पातं भिंतीला अडायला हवं, तेवढ्यानेही बराच समतोल येतो.

“पण खरी मोठी तलवार संथच असणार ना?”

हा आक्षेप नेहमी येतो, आणि तो चुकीचा आहे. युरोपातल्या मोठ्या दुहाती तलवारींचं वजन साधारण दोन ते साडेतीन किलो असे. आपली एकहाती तलवार किलोच्या आसपास. फरक आहे, पण गेममध्ये दाखवतात तसा गर्डर उचलल्याचा नाही.

शिवाय दोन हात म्हणजे तरफ. बडोद्यातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरासारख्या आखाड्यांनी जपलेली लाठी बघा. दोन हात अंतर ठेवून धरलेले असतात. एक हात ढकलतो, दुसरा ओढतो, आणि लाठीचं टोक डोळ्याला दिसेनासं होतं. दिशा बदलायलाही वेळ लागत नाही. तीच लाठी एका हातात टोकाला धरून फिरवा, मनगट लगेच तक्रार करतं. दुसरा हात वजन पेलायला असतो त्याहून जास्त ताबा ठेवायला असतो.

त्यामुळे वास्तवाचा आधार घ्यायचाच तर दुहाती शस्त्राला लांबवर पोचू द्या आणि दिशा बदलण्याची मुभा द्या. उदाहरणार्थ, सावरण्याच्या शेवटच्या ०.३ सेकंदांत बाजूला उडी मारू द्या. ‘एल्डन रिंग’ने वेगळा मार्ग घेतला. तिथे बहुतेक शस्त्रं दोन हातांनी धरली की पात्राची ताकद दीडपट मोजली जाते, म्हणजे दुसरा हात ही लढता लढता करायची निवड होते.

“एकट्याने खेळायच्या गेमला बॅलन्स कशाला?”

तिथे कोणावर अन्याय होत नाही हे खरं. पण एक शस्त्र उरलेल्या सगळ्यांपेक्षा उघड चांगलं असलं की कलाकारांनी महिना-महिना खपून घडवलेले पट्टे, परशू, गदा पेटीतच पडून राहतात. आणि खांडा कमजोर असला तर आवडीने तो निवडणाऱ्या मुलाला गेम विनाकारण अवघड जातो. त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. हे मला सर्वांत वाईट वाटतं, कारण चूक त्याची नसते.

बनवायला बसलात तर कुठून सुरू कराल?

एकहाती तलवार मोजपट्टी म्हणून ठरवून टाका, तिला परत हात लावायचा नाही. मग प्रत्येक शत्रूची हेल्थ आकड्यात न लिहिता घावांत लिहा: हा खांड्याच्या एका घावात पडावा, हा दोन. एका घावात पडायचा असेल तर हेल्थ ९० न ठेवता ७५ ठेवा, म्हणजे पुढे डॅमेज थोडं हललं तरी उंबरठा ओलांडला जात नाही. त्यानंतर तयारी आणि सावरण्याचे वेळ, आणि डॅमेजचा आकडा सगळ्यांत शेवटी.

साध्या एक्सेलमध्ये प्रत्येक शत्रूसमोर प्रत्येक शस्त्राचा ‘मारायला लागणारा वेळ’ काढा. चिलखतासह, मंत्रासह, आणि नेम धरून. नेम विसरू नका. संथ वार जास्त चुकतात. तलवार ९० टक्के लागत असेल आणि खांडा ७०, तर ४५ आणि ४२ येतात, म्हणजे कागदावरचा ६० वाला खांडा प्रत्यक्षात मागे. हे आकडे नवख्यांचे आणि मुरलेल्यांचे वेगवेगळे काढा. मुरलेल्या खेळाडूचा खांडा क्वचितच चुकतो, त्यामुळे दोघांची सरासरी घेतली तर ती कोणालाच लागू पडत नाही. एका पॅचमध्ये एका शस्त्राची एकच गोष्ट बदला, तीही पाच-दहा टक्क्यांनी, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

“कमी कशाला करता? बाकीच्यांचं वाढवा!”

खेळणाऱ्यांची ही मागणी प्रेमातून येते, आणि एक-दोन शस्त्रं मागे पडली असतील तेव्हा तेच करावं. पण खांडा एकटाच पुढे असताना उरलेली वीस शस्त्रं वाढवली, तर राक्षस भराभर पडायला लागतात. मग त्यांची हेल्थ दहा टक्क्यांनी वाढवावी लागते. ९० वाला राक्षस ९९ चा होतो, खांडा अजून ९० वरच असतो, आणि ज्याच्यासाठी एवढी मागणी केली त्याच खांड्याला आता अर्ध्या सेकंदाऐवजी दोन सेकंद लागतात.